कच्चा चिरा

साल एकोणीसशे पंचावन्न. दिवाळी उलटून आठ दिवस झाले होते. सकाळी साडेनऊला कंपनी ऑफिसातून बोलावणं आलं. रत्नागिरीला डिटॅचमेंट जाणार होती. तीन टनी चार ट्रक, एक जीप, बावीस माणसं. बंदरावर आगबोटीनं उतरलेला माल घाटावर पोचवायचा आणि त्याच्या जोडीला सहा आठवड्यांचं ड्रायव्हिंग कॅडर, म्हणजे शिकवणीचा वर्ग, चालवायचा. शिकाऊ शिपाई आठ, सगळे रत्नागिरी जिल्ह्यातले. उस्ताद मी, हवालदार रामचंद्र भुवड. फौजेत शिकवणाऱ्याला उस्तादच म्हणतात.

कॅप्टन साहेब उत्तरेकडचे. त्यांनी कागदावर सही केली आणि मान वर न करता म्हणाले, "भुवड, घर नज़दीक है. छुट्टी मत माँगना."

"नहीं साब."

माझं गाव लांज्याच्या बाजूला, रत्नागिरीहून वीस-बावीस मैलांवर. नोकरीची चौदा वर्षं झाली होती. लढाईत ब्रह्मदेशच्या चिखलातून ट्रक हाकले होते. जमादार, म्हणजे हवालदाराच्या वरचा हुद्दा, होण्यासाठी माझं नाव वर गेलं होतं आणि या कॅडरचा रिपोर्ट त्या नावाला जोडला जाणार होता. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं जे घडलं त्यात या जमादारकीचा मोठा हात आहे.

कॅम्प शहराबाहेर सड्यावर पडला. सडा म्हणजे नुसता उघडा कातळ. तंबूच्या खुंट्या ठोकायला पहार लागली. साडेपाचला रिव्हेलीचा बिगुल, सहाला पीटी, सातला गाड्यांचं पाणी, तेल, टायर. आठ ते बारा गाडीवर. दोनला तंबूत लेक्चर. चारला गाड्या धुणं, आणि पाणी खालच्या विहिरीवरून डोक्यावर आणायचं, म्हणजे ड्रायव्हरला गाडीची किंमत कळते. जागा शिकवायला उत्तम होती. वळवायला मोकळं मैदान, धडकायला झाडसुद्धा नाही. पोरांनी तरी पहिल्या आठवड्यात कुंपणाचे दोन खांब पाडले. गाडी जड आहे, गियर घट्ट आहे, सीट मागं आहे, अशा तक्रारी रोज यायच्या. नाचता येईना अंगण वाकडं. मी त्यांना सांगायचो की हीच गाडी मी काल चालवली तेव्हा ती हलकी होती.

पेन्शनीत आल्यावर मी शहरात लोकांना मोटार शिकवतो. डॉक्टर येतात, वकील येतात, आंब्याचे बागाईतदार येतात. त्या आठ जणांनी विचारले तेच प्रश्न हे विचारतात. शिकलेला माणूस आणि नांगरावरचा माणूस स्टिअरिंगमागं बसला की सारखाच घाबरतो.

पहिला प्रश्न क्लचचा. पाय कधी सोडायचा? उत्तर असं, की घड्याळ बघून नाही, कानानं. पाय हळू वर आणायचा. इंजिनाचा आवाज जरा खाली बसतो, बॉनेट किंचित उचलल्यासारखं होतं. तिथं पाय थांबवायचा, दुसऱ्या पायानं पेट्रोल द्यायचं, मग उरलेला क्लच सोडायचा. घाईनं सोडला की गाडी उडी मारून बंद पडते आणि मागचे सात जण हसतात.

दुसरा प्रश्न, गियर बदलताना खाली बघू का? मी विचारायचो, "भात खाताना तोंड कुठं आहे ते बघतोस का?"

तिसरा, अरुंद रस्त्यावर समोरून गाडी आली तर कोण थांबणार? उतरणाऱ्यानं थांबायचं. चढणारा थांबला तर त्याला पुन्हा उठवणं अवघड.

चौथा, ब्रेक लागलाच नाही तर? गियर खाली आण, हँडब्रेक ओढ, तरी थांबली नाही तर डोंगराच्या अंगाला घास. मडगार्ड नवं मिळतं.

सगळ्यात जास्त प्रश्न हसन परकारचे. दाभोळच्या खाडीवरचा पोरगा, बाप गलबतावर तांडेल. लहानपणापासून हा होडीच्या सुकाणूवर बसलेला. होडीचा दांडा डावीकडं दाबला की होडी उजवीकडं वळते. पहिल्या दिवशी मी म्हटलं, "लेफ्ट." त्यानं चाक उजवीकडं फिरवलं आणि आम्ही थेट स्वयंपाकाच्या तंबूकडं निघालो. लांगरी पळी टाकून पळाला.

"उस्ताद, होडीला ब्रेक नसता," हसन मला सांगायचा. "वाऱ्याला इचारून थांबाचा. ह्याच्यात कोनाला इचाराचा?"

"मला विचारायचं."

"आनि तुमी नसलात तर?"

"तर मनात मला आठवून शिव्या खायच्या आणि ब्रेक दाबायचा."

आठांतला एकच असा, की त्यानं कधी काही विचारलं नाही. शिपाई तुकाराम गोताड. संगमेश्वराच्या बाजूच्या वाडीतला. घरचा धंदा चिरेखाणीचा, म्हणजे कातळातून जांभ्याचे चिरे तोडून काढायचे. आमच्या मुलखात घर, विहीर, कुंपणाचा गडगा, देऊळ, सगळं या लाल दगडाचं. आठव्या वर्षापासून तो बापाबरोबर खाणीत होता. हाताचे पंजे फावड्याएवढे. फौजेत आला तो खाणीतून सुटायला. या कॅडरमध्ये नापास झाला असता तर त्याची रवानगी गोदामात पोती वाहायला झाली असती, आणि ते त्याला नको होतं. एकदा सांगितलेलं तो दुसऱ्यांदा विचारायचा नाही. गाडी पुसताना ओठ हलायचे, मनात गियर घोकायचा. सहाव्या दिवशी गियर बदलताना डबल क्लच त्यानं असा मारला की हसन म्हणाला, "उस्ताद, ह्येनं आवाज केलानच नाय!" मला तो पोरगा आवडायचा. तसं त्याला कधी बोलून दाखवलं नाही. उस्तादानं बोलायचं नसतं, अशी माझी तेव्हाची समजूत होती.

पाचव्या आठवड्यात हसननं विचारलं, "उस्ताद, पुळनीत गाडी रुतली तर?" पुळण म्हणजे किनाऱ्याची वाळू. घोडामैदान जवळच होतं. भाट्याची पुळण खाली दिसत होती. किनाऱ्यावर गाडी न्यायची नाही, असा स्टँडिंग ऑर्डर होता. तो मला पाठ होता. पण ब्रह्मदेशात मी काय काय केलं होतं ते या पोरांना दाखवायची मला खुमखुमी आली. तीन नंबरचा ट्रक घेऊन मी वाळूत उतरलो आणि ॲक्सलपर्यंत रुतलो.

प्रत्येक ट्रकला दोन लाकडी चॉक असतात. म्हणजे चढणीवर चाकाला लावायचे तिकोनी ठोकळे. त्यांना हातभर दोरी बांधलेली असते, म्हणजे लावणारा माणूस चाकाच्या वाटेत न जाता बाजूनं ओढू-सरकवू शकतो. ते दोन्ही मी चाकाखाली घातले. एक उभा चिरला. दुसरा वाळूत गेला तो सापडलाच नाही. भरतीचं पाणी यायच्या आत दुसऱ्या ट्रकनं आम्हाला ओढून काढलं.

मी पोरांना म्हटलं, "याची वाच्यता नको."

पोरं खूष झाली. उस्तादाचं गुपित आपल्याकडं आहे, याचा त्यांना आनंद. बंदरावरच्या सुताराला मी दोन ठोकळे करायला सांगितले. तो म्हणाला, शनिवारी देतो. चढाईची टेस्ट, म्हणजे चढणीवर ट्रक उभा करून पुन्हा पुढं काढायची परीक्षा, सोमवारी होती. हिशेब जुळत होता.

गुरुवारी दुपारी दोनला कॅप्टन साहेबांनी मला बोलावलं. त्यांना शुक्रवारी संध्याकाळी निघायचं होतं. म्हणून टेस्ट आता शुक्रवारी सकाळी नऊला.

"गाड़ी तैयार?"

बाकीचे तीन ट्रक चॉकसकट घाटावर गेलेले. खरं बोलायचं तर "साब, चॉक नहीं हैं" एवढे चार शब्द. मग पुढचा प्रश्न आला असता, कुठं गेले? मग भाट्याची पुळण, स्टँडिंग ऑर्डर आणि माझी जमादारकी.

"तैयार है, साब," मी म्हणालो.

शुक्रवारी साडेसातला आम्ही हातखंब्याच्या वाटेवरच्या चढणीवर पोचलो. साहेब यायच्या आधी एकदा रंगीत तालीम करायची होती. ट्रकमध्ये वाळूची पोती भरलेली, दोन टन वजन. रस्त्याच्या डाव्या अंगाला चिरेखाण. कामकरी अजून आले नव्हते. चढणीच्या पायथ्याशी मोरी, तिच्या बुटक्या कठड्यावर मी सहा जणांना बसवलं. खरं तर त्यांना वर, ट्रकच्या पुढच्या बाजूला बसवायला हवं होतं. पण खालून चाक नीट दिसतं, त्यांनी बघावं, असा माझा विचार. हसन स्टिअरिंगवर. मी बाहेर फुटबोर्डवर, खिडकीला धरून. मागच्या चाकाजवळ गोताड.

आमच्याकडं जुन्या सर्व्हिस मोटारी चढणीवर दमल्या की क्लीनर उडी टाकून चाकामागं दगड लावायचा. लहानपणी मी हे शंभर वेळा पाहिलेलं. मी गोताडला म्हटलं, "खाणीतला एक चिरा आण."

तो गेला, रचलेल्या थरांवरून हात फिरवला, आणि रिकाम्या हातानं परत आला.

"उस्ताद, ते कालपरवाचे हायत. कच्चे."

मी घड्याळ बघितलं. सात पंचावन्न. "आण म्हटलं ना."

त्यानं चिरा खांद्यावरून आणला, खाली ठेवला आणि त्यावर अंगठ्याचं नख ओढलं. नखात लाल ओला लगदा आला. तो त्यानं मला दाखवला.

"बगा. ह्यो वज्याखाली ऱ्हायाचा नाय, उस्ताद. म्हयनाभर उनात पडला तर दगूड व्हतो. आता मातीच हाय."

जांभा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो आणि वारा लागून घट्ट होतो, हे मला माहीत नव्हतं असं नाही. या मातीत जन्मलेल्या कुणालाही ते माहीत असतं. पण आमचं घर चिऱ्याचं, आजोबांनी बांधलेलं, भिंतीला तडा नाही. चिरा म्हटला की माझ्या डोळ्यांपुढं ती भिंत यायची. आणि आठ आठवडे तोंड न उघडलेला पोरगा, माझ्यापुढं नख नाचवून मला शिकवतोय, याचाही मला राग आला. आठ नव्हे, पाच आठवडे. रागात आकडेही फुगतात.

"गोताड, तू गाडी शिकायला आलायस की मला चिरे शिकवायला?"

"नाय, उस्ताद."

"मग लाव. हुकूम आहे."

"जी, उस्ताद."

इंजिन चालू होतं. हसननं यातलं काही ऐकलं नाही. खाली बसलेल्या सहा जणांपर्यंत आवाज जाण्यासारखा नव्हता. हे बोलणं दोघांतच राहिलं.

पहिल्या खेपेला हसननं ट्रक चढणीच्या मध्यावर थांबवला. हँडब्रेक. गियर. मी मोठ्यानं सांगत होतो, "क्लच वर. आवाज ऐक. पेट्रोल. हँडब्रेक सोड." ट्रक वीतभरही मागं न येता वर गेला. चिऱ्याला चाक टेकलंसुद्धा नाही. मी म्हटलं, "शाब्बास. परत एकदा." ट्रक खाली घेतला. तेवढ्या वेळात गोताड मोरीकडं गेलेला मला आरशात दिसला. काहीतरी उचलून आणलं आणि रस्त्याकडेच्या गवतात ठेवलं. मी विचारलं नाही.

दुसरी खेप. आठ वाजून दहा मिनिटं. हसननं ट्रक थांबवला, हँडब्रेक ओढला, पण शेवटच्या दातापर्यंत नाही. गोताडनं चिरा लावला. हसननं क्लच घाईनं सोडला. ट्रकनं उडी मारली आणि इंजिन बंद पडलं. वजन मागं आलं. हँडब्रेकचा दात सुटला. मागचं चाक चिऱ्यावर बसलं.

चिरा एक-दोन सेकंद टिकला. मग दबला. आवाज फारसा झाला नाही. चाकाखाली लाल भुगा दिसला.

"फूटब्रेक!" मी ओरडलो.

घाबरलेला शिकाऊ जे पेडल पायाखाली असेल ते दाबतो. हसननं सगळी ताकद लावून क्लच दाबला. ट्रक मोकळा झाला.

खाली सहा जण कठड्यावर. एक बुटाची नाडी बांधत होता. मी खिडकीतून हात घालून स्टिअरिंग डोंगराकडं ओढायला लागलो. "ब्रेक! डावा नाही, मधला! मधला!"

तेवढ्यात गोताड मला दिसला. गवतातून त्यानं काळा दगड उचलला होता. मोरीच्या बांधकामातला उरलेला, जुना, काळा फत्तर. दोन्ही हातांनी छातीशी धरून तो बाजूनं धावला आणि चाकामागं वाकला. दगड लावला. लाल भुग्यानं माखलेला त्याचा बूट घसरला आणि तो चाक आणि दगड यांच्या मधे पडला. चाक आधी त्याच्यावर आलं, मग दगडाला भिडलं, आणि थांबलं. ट्रक कठड्यापासून चार हातांवर उभा होता.

जॅक लावून चाक उचलायला आठ मिनिटं लागली. मोजली नव्हती, नंतर इन्क्वायरीत जोडली. तो शुद्धीवर होता. छातीला चाक लागलं होतं. वरून रक्त दिसत नव्हतं.

"थांबली?" त्यानं विचारलं.

"थांबली."

"सगली हायत?"

"सगळे आहेत. बोलू नको."

तो बोलला नाही. जीप साहेबांकडं होती, म्हणून ट्रकमधली पोती खाली फेकून त्याच ट्रकमध्ये त्याला घातलं. चालवला मी. हसन मागं त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. आठ चाळीसला सरकारी दवाखान्याच्या दारात पोचलो. डॉक्टरांनी हात धरून बघितला आणि खाली ठेवला. वय एकवीस.

तिसऱ्या दिवशी कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली. बाहेरून एक मेजर साहेब आले. तंबूत टेबल, तीन खुर्च्या. मला सावधान उभं केलं.

"चॉक कुठं होते?"

"वापरात गेले, साहेब. नवे सांगितले होते."

"चाकामागं दगड कुणी लावला?"

"शिपाई गोताडनं, साहेब."

"तो चिरे काढणाऱ्या घरचा. त्याला दगडाची पारख हवी होती."

"होय, साहेब."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. म्हणूनच आजही त्याची लाज वाटते. त्यानं काही सांगितलं होतं का, हे मला कुणी विचारलं नाही. आणि मी सांगितलं नाही. भाट्याच्या पुळणीबद्दल पोरंही गप्प राहिली, कारण वाच्यता नको असं उस्तादानं सांगितलं होतं. निकाल आला. 'मृत शिपायाने अयोग्य दगड वापरल्याने अपघात घडला.' मला तोंडी ताकीद. जमादारकीच्या यादीत माझं नाव कायम राहिलं. मी त्या दिवशी जेवलो, गाड्या तपासल्या, रोल कॉल घेतला. हसन मात्र जेवला नाही.

पंधरा दिवसांनी गोताडची पेटी त्याच्या घरी पोचवायची ड्यूटी निघाली. कॅप्टन साहेब म्हणाले, उस्तादानंच जावं. ट्रक रस्त्याला ठेवून मी दीड मैल पायवाटेनं पेटी खांद्यावरून नेली. वाडीत दहा-बारा घरं. भागोजी गोताड अंगणात बसले होते. पन्नाशीचा माणूस, पंजे मुलासारखेच. आई दारात, चौकटीला धरून उभी.

मी पेटी ठेवली. त्यांनी ती उघडली नाही. घरातून एक घडी घातलेला कागद आणला. निकालाचं पत्र आधीच पोचलं होतं आणि शाळेच्या गुरुजींनी त्याचा अर्थ सांगितला होता.

"हवालदार," ते म्हणाले, "ह्या कागदात लिवलंय, त्यानं चुकीचा दगूड लावलान. खरा हाय?"

उत्तराची वाट न बघता ते पुढं बोलले.

"मरान आला तां आला. त्येला विलाज नाय. पन त्यो आट वर्साचा व्हता तवापास्नं माज्याबरूबर खानीत हाय. नख लावून सांगायचा, ह्यो चिरा चार दिसाचा, ह्यो म्हयन्याचा. मी चुकायचो, त्यो नाय चुकायचा. आनि त्यो कच्चा चिरा लावील? वाडीत लोक मला इचारतात. खानीवर इचारतात. भागोजीच्या पोराला चिरा वळकाया नाय आला. मी काय सांगू त्येना?"

मी चौदा वर्षं फौजेत होतो. जपानी तोफांखाली ट्रक काढला होता. त्या अंगणात मी टोपी काढून हातात घेतली.

"बाबा, त्यानं मला सांगितलं होतं," मी म्हणालो. "चिरा कच्चा आहे म्हणून. मी ऐकलं नाही. हुकूम दिला."

"सांगितलान व्हता?"

"दोनदा."

"नख लावलान?"

"लावलं. लगदा काढून दाखवला मला. आणि मग मला न विचारता काळा दगड आणून ठेवला. त्या दगडानं गाडी थांबली. खाली सहा पोरं होती."

भागोजींनी तोंडावर पंचा धरला आणि रडले. मुलाची बातमी कळल्यापासून ते रडले नव्हते, असं त्यांच्या शेजाऱ्यानं मला नंतर सांगितलं. मी मार खायच्या तयारीनं उभा होतो. त्यांनी मला शिवीही दिली नाही. बऱ्याच वेळानं पंचा खाली घेतला आणि एवढंच म्हणाले, "मग तां कागदात लिवा."

दुसऱ्या दिवशी कॅप्टन साहेब कॅम्पवरच होते. सकाळी नऊला मी त्यांच्यापुढं उभा राहिलो.

"साब, मेरा बयान अधूरा है."

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. पुळण, चॉक, नख, हुकूम. मग पेन उघडून माझ्यापुढं ठेवलं आणि विचारलं, "भुवड, मालूम है इसका नतीजा?"

"मालूम है, साब."

"लिखो."

नतीजा यायला अडीच महिने लागले. जमादारकी गेली. मी हवालदार म्हणूनच निवृत्त झालो आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. हसन पुढच्या कॅडरमध्ये पास झाला आणि त्यानं डोंगरात बरीच वर्षं गाड्या चालवल्या. आज माझ्याकडं शिकायला येणारा कुणी गाडी थांबवून म्हणाला, "उस्ताद, हे मला बरोबर वाटत नाही," तर मी आधी इंजिन बंद करतो आणि त्याचं ऐकून घेतो. कधीकधी तो चुकलेला असतो. तरी ऐकतो.

दुरुस्त निकालाची प्रत गोताडच्या घरी पोचवायची होती. साहेबांनी विचारलं, कोण जाईल? मी म्हटलं, मी. प्रत इंग्रजीत होती. क्लार्ककडून मी ती मराठीत उतरवून घेतली.

दुपारी तीनला मी त्या अंगणात पोचलो. भागोजी खाणीवरून नुकतेच आले होते, पायांना लाल माती होती. ते समोर बसले. मी वाचलं. 'हवालदार भुवड यांनी स्थायी आदेश मोडून गाडीचे चॉक गमावले. धोक्याची सूचना मिळूनही त्यांनी ती दुर्लक्षित केली.' पुढं गोताडचा मजकूर होता. सगळं वाचून झाल्यावर ते म्हणाले, "परत वाचा." मी परत वाचलं, माझ्या नावासकट.

तिसऱ्यांदा सुरुवात केली तेव्हा त्यांनी हात वर केला.

"तुमचा ऱ्हाऊ द्या आता. त्येचा नाव हाय तेवडाच वाचा."

दारातून त्याची आई पहिल्यांदाच बोलली. "आनि जरा मोट्यानं. वाडीत आयकू जाऊ दे."

शेजारच्या अंगणातल्या बायकांनी हातातलं काम थांबवलं. मी टोपी नीट केली, सावधान उभा राहिलो आणि परेडवर देतो त्या आवाजात वाचलं.

"शिपाई तुकाराम भागोजी गोताड याने दगड कच्चा असल्याचे दोन वेळा सांगितले होते. ट्रक मागे येऊ लागल्यावर त्याने स्वतः निवडून आणलेला दगड चाकाला लावला. दगड योग्य होता. ट्रक थांबला."